रुग्णालयापासून घर किती लांब चालेल?

मुलाच्या दीर्घ आजारामुळे घर बदलावं लागणाऱ्या पालकांची काही पत्रं या वेळी घेतली आहेत. आजार वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: रुग्णालयाच्या जवळ राहायचं म्हणजे नेमकं किती जवळ? उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाच्या उपचारांबाबत डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीला एएलएल हा रक्ताचा कर्करोग आहे. उपचारांसाठी दुसऱ्या शहरात राहायला जायचंय. रुग्णालयासमोर एक खोली मिळतेय, पण शेजारी मोठं बांधकाम चालू आहे. दुसरं घर पंचवीस मिनिटांवर, शांत वस्तीत आहे. तिथे बाग आहे, आणि धाकट्यासाठी शाळाही जवळ आहे. सगळे म्हणतात, समोरचीच खोली घ्या.

आमचं मत दुसऱ्या घराच्या बाजूने आहे. मात्र ती पंचवीस मिनिटं खरी आहेत का, हे आधी तपासा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. पहिला, ताप आला तर किती वेळात पोहोचायचं? दुसरा, पुढचे सहा महिने आठवड्याला किती खेपा होतील? केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ताप ३८.३ अंश सेल्सियसवर गेला, किंवा तासभर ३८ च्या खाली उतरलाच नाही, तर ती इमर्जन्सी असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. म्हणून बरीच केंद्रं कुटुंबाला तासाभराच्या अंतरात राहायला सांगतात. या हिशेबात तुमची पंचवीस मिनिटं आरामात बसतात.

आता मोजणी. घर पक्कं करण्याआधी तो रस्ता तीनदा पार करा: कामाच्या दिवशी सकाळी नऊला, पावसाच्या संध्याकाळी आणि रात्री दोनला. रात्री रस्ता मोकळा असतो, पण वाहनाचं काय? फोन केल्यापासून गाडी दारात यायला लागलेला वेळही धरा. मुलीला उठवणं, फाइल आणि बॅग घेणं, खाली उतरणं यासाठी वरची पंधरा मिनिटं धरा. रुग्णालयाच्या मुख्य दाराशी मोजणी थांबवू नका. रात्री कोणतं फाटक उघडं असतं आणि लहान मुलांची इमर्जन्सी कोणत्या मजल्यावर आहे, ते आत जाऊन पाहा. काही नामांकित केंद्रांत ओपीडी आणि डे केअर उत्तम असतं, पण रात्रीची इमर्जन्सीच नसते. तापलेल्या मुलाला मग दुसऱ्याच रुग्णालयात न्यावं लागतं. तुमच्याकडे तसं असेल तर अंतर त्या दुसऱ्या रुग्णालयापासून मोजा.

समोरच्या खोलीची खरी अडचण बांधकाम आहे. खोदकाम आणि तोडफोडीच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला त्यांनी सहसा काही होत नाही. पेशी खाली असलेल्या मुलाच्या फुप्फुसात मात्र त्यांनी जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. खिडकी बंद ठेवून तो धोका पूर्ण टळत नाही. मोठ्या रुग्णालयांच्या आवारात काही ना काही बांधकाम चालूच असतं, तेव्हा तिथून ये-जा करताना मुलीला नीट बसणारा एन-९५ मास्क लावा. वस्तीतलं घर पाहताना न्हाणीघराच्या भिंती, बेसिनखालचा कप्पा आणि कपाटामागची बाजू हाताने चाचपा. ओल असेल तर बुरशी असणारच. नुसता रंग मारून देणाऱ्या मालकाकडून ते घर घेऊ नका, ओल मुळापासून काढून मागा.

दुसरा मुद्दा कालावधीचा. या आजाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले सहा ते नऊ महिने खेपा भरपूर असतात. पुढे मेंटेनन्समध्ये, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, बरीचशी औषधं घरीच तोंडाने द्यायची असतात आणि फेऱ्या विरळ होतात. सुरुवातीच्या धावपळीत घेतलेली कोंदट खोली त्यानंतर दोन वर्षं गळ्यात पडते, आणि तोपर्यंत धाकट्याची शाळाही हातची जाते.

एक अपवाद आहे. पुढे दात्याच्या पेशी वापरून बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं, तर त्यानंतरचे साधारण शंभर दिवस केंद्राच्या अगदी जवळ राहावं लागतं. तेवढ्यापुरती रुग्णालयाशी जोडलेली कुटुंबनिवासं बघा. या धर्तीचं पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस १९७४ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालं आणि आता अनेक देशांत अशी घरं आहेत. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांकडे निदान झाल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवा, कारण यादी लांब असते. भावंडं चालतात का, स्वतःला स्वयंपाक करता येतो का आणि जास्तीत जास्त किती दिवस राहता येतं, हे तिथेच विचारून घ्या.

प्रश्न: बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलं. आता घरी सोडणार आहेत, पण ऑक्सिजन चालू ठेवून. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि वीज अधूनमधून जाते. घर बदलावं का?

आधी हिशेब करा, मग ठरवा. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राला) साधारण ३०० ते ४०० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते. ३५० वॅटवर प्रत्यक्षात तीन तास मिळाले तर ते चांगलं समजा. तुमच्याकडे वीज त्याहून जास्त वेळ जात असेल तर एकट्या इन्व्हर्टरवर विसंबता येणार नाही.

सोबतीला सिलिंडर हवाच. त्यात १५०० लिटर वायू असेल आणि बाळाला मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल, तर ५० तास निघतात. शेवटचा दाब वापरायचा नसतो, म्हणून ४० धरा. इथे चूक होते ती रेग्युलेटरची. सिलिंडर भरलेला असतो, पण त्याला बसणारा, इतका कमी प्रवाह देणारा फ्लोमीटर घरात नसतो. सिलिंडर आला त्याच दिवशी तो जोडून, चालवून पाहा. चूल, मेणबत्ती, विडी-सिगारेट यांपासून ऑक्सिजन किमान तीन मीटर लांब ठेवा.

चौथा मजला आपोआप बाद होत नाही. लिफ्टला जनरेटर आहे का आणि सिलिंडर पुरवणारा वर आणून जोडून देतो का, ही उत्तरं ‘हो’ असतील तर राहा. तशी व्यवस्था नसेल तर तळमजल्यावर जा, मग रुग्णालय दहा मिनिटं लांब पडलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पूर्ण वाढेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. आरओपी हा पडद्याचा आजार वेळेत सापडला तर लेसरने किंवा इंजेक्शनने आटोक्यात आणता येतो. दोन तपासण्या चुकल्या तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा बालरोगतज्ज्ञ किती जवळ आहेत हे पाहताना, पडदा तपासणारे डॉक्टर कुठे आणि कोणत्या वारी बसतात हेही विचारा. महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाच्या भरवशावर घर घेऊ नका.

प्रश्न: मोठ्या मुलाचं यकृत प्रत्यारोपण झालंय आणि तो प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतो. धाकटीची शाळा आणि वस्ती निवडताना काय बघावं?

शाळेचा निकाल नंतर बघा. कांजिण्या किंवा गोवर निघाल्यावर शाळा पालकांना त्याच दिवशी कळवते का, हे आधी विचारा. मुख्याध्यापकांशी बोला आणि लेखी मागा. कांजिण्यांच्या संपर्कानंतर द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं औषध) जितकं लवकर दिलं तितका त्याचा उपयोग जास्त. आठवड्याने आलेली चिठ्ठी तुमच्या काय कामाची? संपर्क धाकटीच्या वर्गात झाला असला तरी प्रत्यारोपणाच्या टीमला लगेच फोन करा.

धाकटीच्या लसी थांबवू नका. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस तिला देता येते, आणि तीच मोठ्याची ढाल आहे. तोंडातून देण्याची पोलिओ लस मात्र अशा घरातल्या भावंडांना देत नाहीत, इंजेक्शनची देतात. लस देणाऱ्या नर्सला घरात असा मुलगा आहे हे प्रत्येक वेळी सांगा. मोठ्याला स्वतःला जिवंत लस (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेली) टीमला विचारल्याशिवाय देऊ नका.

वस्तीची एक साधी परीक्षा आहे. रात्री दोनला मोठ्याला घेऊन निघावं लागलं तर धाकटीला कुणाच्या दारी सोडाल? दोन नावं सांगता आली पाहिजेत, कारण एक घर नेमकं त्या दिवशी बंद असतं. नव्या जागी जाताच नावं मिळत नाहीत हे खरं. म्हणून आधी दोन-तीन महिने भाड्याने राहा, करारात महिन्याभराच्या सूचनेवर घर सोडण्याचं कलम घाला, आणि संध्याकाळी मुलं खेळतात तिथे जाऊन बसा. जिथे मोठी माणसं दुसऱ्यांच्या मुलांना नावाने हाक मारतात, तिथे ही दोन नावं लवकर मिळतात.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार). अजून चालतो. पहिल्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर घ्यावं का?

नाही. या आजारात साधारण दहा-बारा वर्षांच्या सुमाराला चालणं थांबतं. स्टेरॉइडमुळे ते थोडं लांबतं, पण चाकाची खुर्ची येणार हे धरून घर घ्या. दारं मोकळी ८० सेंटिमीटर तरी हवीत. चौकटीचं माप घेऊन फसू नका, दार उघडून मधली जागा मोजा. खुर्ची वळवायला १५० सेंटिमीटरचा गोल लागतो, तो न्हाणीघरातही हवा. उतार १ ला १२: म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच जोत्यासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार. तेवढी जागा दारापुढे आहे का? बहुतेक घरं याच प्रश्नावर बाद होतात.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची, टाइप-१ मधुमेह. बालरुग्णालयाजवळ घर विकत घ्यायचा विचार आहे.

विकत घेण्याची घाई करू नका. बालविभाग बहुतेक ठिकाणी सोळा ते अठराच्या दरम्यान संपतो आणि पुढे तिला मोठ्यांच्या मधुमेहतज्ज्ञाकडे जावं लागेल. तपासणी तर तीन महिन्यांतून एकदाच असते. त्यापेक्षा रात्री इन्सुलिन आणि ग्लुकागॉन (साखर फार उतरल्यावर ती वाढवणारं औषध) मिळणारं औषधांचं दुकान, आणि हायपो झाल्यावर, म्हणजे रक्तातली साखर फार उतरल्यावर, काय करायचं हे शिकलेले शिक्षक असलेली शाळा हिला जास्त उपयोगाची.

प्रश्न: घर बदलणं आम्हाला शक्यच नाही. शेती आहे, म्हातारे आईवडील आहेत. केंद्र चार तासांवर. मुलाला फिट्सचा त्रास आहे आणि मेंदूत शंट (साचलेलं जादा पाणी काढून नेणारी नळी) बसवलाय. आम्ही त्याच्यावर अन्याय करतोय का?

मुळीच नाही. चार तासांवर राहूनही मुलाची नीट काळजी घेता येते. त्यासाठी जवळच्या डॉक्टरांना केंद्राशी जोडून द्यावं लागेल.

तासाभराच्या आत असलेलं असं रुग्णालय शोधा, जिथे रात्री बालरोगतज्ज्ञ येतात आणि सीटी स्कॅन होतो. केंद्राच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे एका पानाचं पत्र घ्या. त्यात शंटची जात आणि व्हॉल्व्हचं सेटिंग, शेवटच्या शस्त्रक्रियेची तारीख, मुलाचं वजन, फिट्सच्या औषधांच्या मात्रा आणि केंद्राचा रात्रीचा फोन नंबर हवा. मूल बरं असतानाच्या जुन्या स्कॅनची सीडी किंवा फाइल जवळ ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. शंट अडकलाय का हे ठरवताना नवा स्कॅन त्या जुन्याशी ताडून पाहतात. व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने बदलण्याचा असेल तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यायला सांगा.

घरात आणि शाळेत फिट थांबवायचं औषध, म्हणजे नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा किंवा डॉक्टर देतील ते, मुदतीची तारीख बघून ठेवा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर ते द्यायचं आणि निघायचं. सुरुवातीची वेळ घड्याळात बघण्याचं काम घरात एकाला नेमून द्या, घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहासारखं वाटतं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, न आवरणारी झोप किंवा शंटच्या रेषेवर लाली दिसली तर फिट नसली तरी त्या जवळच्या रुग्णालयात जा, आणि तिथून केंद्राला फोन करायला लावा.

केंद्रातल्या भेटी एकाच दिवशी जुळवून मागा: न्यूरोसर्जन, न्यूरॉलॉजिस्ट आणि रक्ततपासणी. बहुतेक ठिकाणी ही सोय करून देतात, पण आपणहून कुणी सुचवत नाही. नंबर लावणाऱ्या खिडकीवर ‘लांबून येतो’ असं सांगून विचारा, आणि पुढची तारीख हातात घेतल्याशिवाय निघू नका.