चमत्कार लिहिणारा पाद्री इतिहासकार कसा?

प्रश्न: आमच्या चर्चची स्मरणिका निघतेय, त्यात १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातल्या) हुतात्म्यांवर मला लिहायचंय. फादर म्हणाले आधी संत बीड वाच. वाचायला घेतलं तर पानोपानी चमत्कार! याला इतिहासकार का म्हणतात?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: फादरांनी अगदी योग्य माणूस सुचवलाय. बीड उत्तर इंग्लंडमधला, ७ वर्षांचा असताना घरच्यांनी मठात ठेवला, तिशीत पाद्री झाला आणि बहुतेक सगळं आयुष्य त्या वेअरमथ-जॅरोच्या मठातच गेलं. इंग्लिश लोकांच्या चर्चचा इतिहास त्याने ७३१ मध्ये पुरा केला. पण मला तो आवडतो ते कुठली गोष्ट कोणाकडून कळली हे नावानिशी सांगतो म्हणून. कँटरबरीची माहिती मठाधिपती अल्बिनसने पुरवली, लंडनचा पाद्री नॉथेल्म रोमला जाऊन तिथल्या दफ्तरातून पोप ग्रेगरींच्या पत्रांच्या नकला घेऊन आला, हे सगळं प्रस्तावनेतच दिलंय. लिंडिसफार्न बेटावरच्या मठाचा बिशप संत कथबर्ट, त्याचं चरित्र लिहिलं तेव्हा तर तिथल्या जुन्याजाणत्या भिक्षूंसमोर ते दोन दिवस वाचलं गेलं, त्यांनी तपासल्यावरच पुढे गेलं.

चमत्कारांवर त्याची खरीच श्रद्धा होती, आणि तो निःपक्ष होता असंही नाही, वेल्श भिक्षूंच्या कत्तलीबद्दल तो ज्या कोरडेपणाने लिहितो ते मला वाचवत नाही. पण बिशप एडनचं ईस्टरच्या तारखेबाबत चुकलं असं स्पष्ट लिहून त्याच एडनच्या गरिबांवरच्या मायेचं भरभरून कौतुकही करतो, हे सोपं नाही हो.

आता ठाण्याचं. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दिमित्रियस हे ते चौघं. जोर्दानस हा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका संघाचा भिक्षू, त्यांच्यासोबतच आलेला, पण घटना घडली तेव्हा तो भरुचकडे निघाला होता, परत येऊन त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि त्याच वर्षी पत्रात कळवलं. फ्रान्सिस्कन भिक्षू ओडोरिक मात्र नंतर आला, अस्थी उचलून चीनला घेऊन गेला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात चमत्कार बरेच आहेत. तुम्ही दोघांचं एकत्र कालवू नका, जोर्दानस काय म्हणतो ते वेगळं, ओडोरिक काय म्हणतो ते वेगळं लिहा, चमत्कार गाळू नका पण कोणी सांगितला ते लिहा, आणि छापायला देण्याआधी मजकूर पॅरिशमधल्या जुन्या लोकांना बसवून मोठ्याने वाचून दाखवा.