जुळत नसलेल्या रेडिएटर नळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा सहाचाकी ट्रक हंगामात निपाणी परिसरातून साखर कारखान्यांना ऊस वाहतो. मूळ इंजिन निकामी झाल्याने दुसऱ्या कंपनीचे जुने इंजिन बसवले असून, त्याची उष्णता पेलावी म्हणून मोठ्या गाडीचा रेडिएटर आणला आहे. इंजिनचे वरचे तोंड 44 मिलिमीटरचे आणि रेडिएटरचे 50. खाली वॉटर पंपाचे तोंड 50 आणि रेडिएटरचे 60. शिवाय इंजिनमधून पाणी उजवीकडून बाहेर येते, तर रेडिएटरचे वरचे तोंड डावीकडे आहे. आमचे मिस्त्री म्हणतात की लहान तोंडावर सायकलच्या ट्यूबचे वेढे देऊन मोठी नळी चढवू आणि आडव्या जोडणीला शेतातील मोटारीचा पाईप वापरू. तवंदी घाटात भरल्या गाडीला हे टिकेल का? वरची नळी अरुंद राहिल्याने इंजिन गरम होईल का?
— एक ट्रकमालक, निपाणी

उत्तर : मिस्त्रींच्या दोन्ही सूचना आपण नाकाराव्यात. ट्यूबच्या वेढ्यांमध्ये पाण्याला वाट मिळते, उष्णतेने ते रबर दबत जाते, क्लिप ढिली पडते आणि चढावर दाब वाढला की नळी तोंडावरून सरकते. शेतातील पाईप बहुधा पीव्हीसीचा असतो आणि 60 अंश सेल्सिअसच्या पुढे तो मऊ पडू लागतो, तर डिझेल इंजिनातील पाणी नेहमीच्या चालण्यातच 80 ते 95 अंशांवर असते. पहिल्या दिवशी त्यातून थेंबही गळणार नाही, आणि त्यामुळेच हा उपाय अधिक फसवा आहे.

आपल्या दुसऱ्या शंकेबाबत मात्र निश्चिंत राहावे. पाणी वर 44 मधून 50 मध्ये जाते, म्हणजे त्याची वाट पुढे रुंदच होते. शिवाय थर्मोस्टॅटच्या (पाणी पुरेसे तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या भागाच्या) व्हॉल्व्हमधील वाट बहुधा या नळीपेक्षाही अरुंद असते, त्यामुळे तेथील सहा मिलिमीटरांनी इंजिनच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. काळजी घ्यायची ती खालच्या नळीची, कारण तिच्यातून पंप पाणी ओढून घेतो. ओढीच्या बाजूला अडथळा आला तर पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, गरम पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पंपाच्या पात्यांना खड्डे पडतात. गोल वाटेचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे येथे लक्षात ठेवावे : 50 च्या जागी 44 चा तुकडा घातला तर वाट सुमारे 23 टक्के घटते आणि 38 चा घातला तर सुमारे 42 टक्के. आपल्या रेडिएटरचे खालचे तोंड पंपाच्या तोंडाहून मोठे आहे, हे आपले भाग्यच म्हणावे. उलट असते तर मी रेडिएटर बदलून आणण्याचा सल्ला दिला असता.

खरेदीला जाण्यापूर्वी मापे पुन्हा घ्यावीत. तोंडाच्या टोकाशी जो उंचवटा असतो, त्यावर माप न घेता त्याच्या मागे, सरळ भागावर घ्यावे. व्हर्नियर (व्यास मोजण्याचे साधन) नसेल तर शिंप्याची टेप गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला 3.14 ने भागावे. परीघ 157 मिलिमीटर आला तर व्यास 50, आणि 138 आला तर 44. बेळगाव, संकेश्वर वा कोल्हापूरच्या दुकानात, मराठीत बोलावे की कन्नडमध्ये हा प्रश्न गौण आहे, पण आकडा मिलिमीटरमध्येच सांगावा. इंचांच्या बोलीत 44 ला ‘पावणेदोन’ म्हटले तर चालून जाते. 60 ला मात्र कोणी ‘सव्वादोन’ म्हणून 57 ची नळी देतो, तर कोणी ‘अडीच’ म्हणून 63 ची, आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या नाहीत. रबरी नळी एखादा मिलिमीटर ताणून चढवता येते. तीन मिलिमीटर ताणलेली नळी काठाशी चिरते, आणि तीन मिलिमीटर सैल नळी क्लिप आवळली की चुणी धरते. पाणी त्या चुणीतूनच झिरपते.

खालच्या जोडणीसाठी पहिली पसंती 60 वरून 50 वर उतरणाऱ्या तयार सिलिकॉन नळीला द्यावी, कारण तिला दोनच क्लिपा लागतात. जोड जितके कमी, तितकी गळतीची ठिकाणे कमी. नेमक्या मापाची न मिळाल्यास बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर तुकडा कातून घेता येईल. तो ॲल्युमिनियमचा वा स्टेनलेस स्टीलचा असावा. एका टोकाला 60 मिलिमीटर बाहेरील व्यासाचा 40 मिलिमीटर सरळ भाग, मध्ये 40 मिलिमीटरचा उतरता भाग आणि दुसऱ्या टोकाला 50 व्यासाचा 40 मिलिमीटर सरळ भाग, अशी एकूण 120 मिलिमीटर लांबी पुरेशी होते. एकदम पायरी काढू नये, उतारच ठेवावा. भिंत तीन मिलिमीटरांहून जाड नको, अन्यथा आतील वाट पंपाच्या स्वतःच्या वाटेहून लहान होईल. दोन्ही टोकांना सुमारे दीड मिलिमीटर उंचीचा गोलसर उंचवटा अवश्य ठेवून घ्यावा, कारण गुळगुळीत नळकांड्यावर कितीही चांगली क्लिप असली तरी नळी दाबाने सरकते. कातकामाचे लांबीच्या दिशेने गेलेले ओरखडे मात्र पॉलिश पेपरने काढून टाकावेत.

हा तुकडा कोठे बसवावा, याकडे सहसा दुर्लक्ष होते. रेडिएटरपासून शक्य तितक्या लांबपर्यंत 60 चीच नळी आणावी आणि उतार पंपाच्या अगदी तोंडाशी द्यावा, म्हणजे पाण्याचा बहुतेक प्रवास रुंद वाटेने होईल. तुकड्याला आधाराची पट्टी लागते. ती इंजिनवरच घट्ट करावी, चासीवर नव्हे. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलते आणि रेडिएटर चासीवर जवळजवळ स्थिर असतो. पंप व तुकडा एकत्र हलले तर सारी हालचाल मधली लांब नळी सोसते, पण तुकडा चासीला जखडला तर पंपाजवळच्या आखूड नळीला दर खड्ड्यात पीळ पडतो.

वरच्या आडव्या जोडणीला स्टीलचा पाईप वापरावा आणि दोन्ही टोकांना रबरी वा सिलिकॉनची वळणे द्यावीत. सलग धातूची जोडणी केल्यास रेडिएटरच्या टाकीचे तोंडच तडकेल. 44 चा 50 करण्याचे काम या पाईपच्या कोणत्याही एका टोकाला सोयीनुसार उरकावे. पाईप पंख्याच्या पात्यांपासून आणि पट्ट्यापासून किमान 25 मिलिमीटर दूर ठेवावा, तोही गाडी सुरू असताना इंजिन किती डुलते हे पाहून. त्याला इंजिनकडून रेडिएटरकडे सतत थोडा चढ असावा. मध्ये उंचवटा झाला तर तेथे हवा अडकते आणि तापमानाचा काटा अचानक वर-खाली होऊ लागतो. जागेअभावी उंचवटा टाळताच आला नाही तर त्याच्या माथ्यावर बारीक निप्पल (लहान जोडनळी) डाख देऊन जोडून तेथून आठ मिलिमीटरची नळी वरच्या टाकीला न्यावी. वळणांचा आकार दुकानात शब्दांत सांगण्यापेक्षा जाड तार गाडीवरच वाकवून न्यावी आणि तिच्याशी जुळणारी नळी शोधावी. कोणत्या गाडीची आहे हे न पाहता, लांब नळीतील हवे तेवढेच वळण कापून घेता येते. सरळ नळी वाकवून बसवू नये, ती वळणावर चपटी होते.

क्लिप तोंडाच्या टोकाशी असलेल्या उंचवट्यावर नव्हे, त्याच्या मागे बसवावी. सिलिकॉनवर खाचांची साधी क्लिप लावल्यास नळी खाचांमध्ये दबून कापली जाते, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीची वा टी-बोल्टची क्लिप घ्यावी. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर सर्व क्लिपा पुन्हा आवळाव्यात. तेल ना रबराला मानवते ना सिलिकॉनला, त्यामुळे जुन्या इंजिनच्या तेलाची गळती आधी बंद करावी.

घाटात जाण्यापूर्वी रेडिएटरच्या टोपीवर जितका दाब लिहिला आहे, तितका हातपंपाने देऊन पंधरा मिनिटे दाबाचा काटा उतरतो का ते पाहावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि उघड्या भांड्यातील पाणी येथे साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते; मात्र 0.7 बारची (बार हे दाबाचे एकक) टोपी नीट दाब धरत असेल, तर तेच पाणी सुमारे 114 अंशांपर्यंत दम धरते. एक सैल क्लिप ही सारी सवलत घालवते. तवंदीच्या चढावर गाडी सावकाश चालते, समोरचा वारा जाळीत शिरत नाही आणि भार एकट्या पंख्यावर येतो, म्हणून पंख्याभोवतीचे कव्हर नव्या रेडिएटरच्या मापाचे असल्याची खात्री करावी. मापाच्या कव्हराविना मोठा रेडिएटर बसवणे मला तरी अर्धवट काम वाटते. भरताना बोअरचे जड पाणी टाळून शुद्ध पाण्यात कूलंट मिसळावे आणि इंजिन गार असताना, टोपी उघडी ठेवून, मंद गतीवर सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडताच पातळी खाली जाईल, तेव्हा उरलेले भरावे. तापलेल्या इंजिनची टोपी उघडू नये.

आणखी एक. नळ्यांसाठी नाही, पण वेगळ्या इंजिनसाठी मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणी प्राधिकरणाची परवानगी लागते. ती घेतली नसल्यास चिकोडीच्या परिवहन कार्यालयातील ते काम हंगामापूर्वी उरकावे.

प्रश्न : मी जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला भाजीपाला नेतो. पिकअपची खालची रेडिएटर नळी बदलल्यापासून ती अधूनमधून चपटी झालेली दिसते. मूळ मापाची न मिळाल्याने थोडी लहान नळी कापून बसवली होती. दोष नळीचा की पंपाचा?
— एक चालक, खानापूर

उत्तर : ती केव्हा चपटी होते, यावर उत्तर अवलंबून आहे. गाडी बंद करून थंड झाल्यावर नळी आत ओढलेली दिसत असेल, आणि विशेषतः वरची नळीही तशीच दिसत असेल, तर दोष रेडिएटरच्या टोपीचा आहे. पाणी थंड होऊन आकसते तेव्हा टोपीतील लहान झडपेने जादा पाण्याच्या बाटलीतील पाणी आत घ्यावे लागते. ती झडप चिकटली की आत निर्वात पोकळी होते आणि सर्वांत मऊ नळी दबते. अशा वेळी नवी नळी घेऊनही काही साधणार नाही. टोपी बदलावी आणि बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबलेली नाही ना, ते पाहावे.

इंजिन गरम असताना रेस वाढवली की नळी आत जाते आणि रेस सोडली की फुगते, असे असेल तर दोष ओढीच्या वाटेत आहे. लहान नळीमुळे तसे होऊ शकते, मऊ नळीमुळे होऊ शकते, किंवा रेडिएटरची जाळी क्षारांनी तुंबल्याने पंपाला मागून पाणीच पुरेसे मिळत नसेल. पूर्ण मापाची, कापडी थरांची जाड नळी बसवून पाहावे; तरीही ती दबत असेल तर जाळी उघडून स्वच्छ करून घ्यावी. पुष्कळ गाड्यांच्या खालच्या नळीत ती दबू नये म्हणून तारेची स्प्रिंग असते. जुनी नळी अजून गॅरेजमध्ये पडली असेल तर तिच्यात डोकावून पाहावे. स्प्रिंग असल्यास नव्या नळीतही ती हवी, मात्र गंजलेली पुन्हा घालू नये, कारण तिचा तुटलेला तुकडा थेट पंपाच्या पात्यांत जातो.