देशी बदामाची पाने फिश टँकसाठी कशी तयार करावीत?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारात देशी बदामाची दोन झाडे आहेत. घरी ४० लिटरचा गोड्या पाण्याचा टँक असून त्यात एक फायटर मासा आणि काही गोगलगायी आहेत. दुकानात हीच वाळलेली पाने पाकिटात बरीच महाग मिळतात. झाडावरची हिरवी पाने तोडून उन्हात वाळवली तर चालतील का? ती उकळावी लागतात का, आणि एका वेळी किती घालावीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाने घरी अवश्य तयार करावीत, मात्र ती तोडू नयेत, झाडाने टाकलेलीच घ्यावीत. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील हरितद्रव्याचे विघटन करते आणि नत्रासारखी पोषकद्रव्ये बऱ्याच अंशी फांदीकडे परत ओढून घेते. हिरवे पान तोडून वाळवले तर त्यातले केवळ पाणी उडते, बाकीचे सारे आतच राहते. असे पान टँकमध्ये पडले की जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि अमोनिया वाढतो. लहान टँकमध्ये हा बदल फार लवकर जाणवतो. एरवी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की प्राणवायू कमी पडल्याचे कळते, पण फायटर मुळातच वर येऊन हवा घेणारा मासा असल्याने त्याच्याबाबत ही खूण फारशी उपयोगाची नाही.

हिवाळ्याच्या अखेरीस देशी बदामाची पाने तांबडी होऊन गळतात, तेव्हा वर्षभराचा साठा करून ठेवणे सोयीचे. झाडाखालचे पूर्ण तपकिरी पान उचलावे. नुकतेच पडलेले लाल पान असल्यास ते सावलीत पसरून आणखी वाळू द्यावे. तयार पान मधल्या शिरेवर दुमडले की कटकन मोडते. ते चामड्यासारखे नुसतेच वाकत असेल, तर आत अजून ओल आहे असे समजावे. काळे डाग पडलेली, बुरशीचा वास येणारी किंवा मागच्या बाजूला किड्यांची जाळी असलेली पाने सरळ टाकून द्यावीत.

पान कोणत्या जागेवरून उचलले, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच असतो. सोसायटीच्या आवारात डासांसाठी धूर फवारणी होते, बागेत कीटकनाशक मारले जाते, वाहनतळावर तेल सांडलेले असते. कीटकनाशकाचा अंश माशाला कदाचित बाधणार नाही, पण टँकमध्ये कोळंबी असेल तर अत्यल्प मात्राही तिच्या जिवावर बेतू शकते. म्हणून फवारणी होते त्या भागातली पाने, कितीही चांगली दिसली तरी, घेऊ नयेत. धुण्याने किंवा उकळण्याने कीटकनाशक पूर्णपणे निघून जाईल, असा भरवसा धरता येत नाही.

निवडलेली पाने वाहत्या पाण्याखाली बोटांनी हलके चोळून धुवावीत. साबण अजिबात लावू नये. धुतल्यानंतर ती पुन्हा कडकडीत वाळवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावीत. कोकणपट्टीत पावसाळ्यात ती हमखास दमट होतात, तेव्हा जून उजाडण्यापूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवणे बरे.

उकळणे सक्तीचे नाही. पानावर उकळते पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवले, तर किडे व त्यांची अंडी मरतात आणि पान लवकर तळाला बसते, हा त्याचा फायदा. मात्र ते पाणी फेकून दिले की पानातील टॅनिनचा, म्हणजे ज्यासाठी पाने घालायची त्या तुरट, रंग देणाऱ्या द्रव्याचा, काही भागही त्यासोबत जातो. पान बराच वेळ रटरट शिजवले, तर ते टँकमध्ये लवकर विरते. उकळायचे नसल्यास पान बादलीत एक-दोन दिवस भिजत ठेवावे, म्हणजे आपोआप बुडेल.

आपल्या टँकला सुरुवातीला एकच मध्यम पान पुरे. आठवडाभर पाणी पाहावे आणि मग वाटल्यास दुसरे घालावे. पाण्याला फिक्या चहासारखा रंग येतो, तो अपेक्षितच आहे. महिना-दोन महिन्यांत पानाची जाळी उरते. ती काढून नवे पान घालावे. पाने घातली म्हणून पाणी बदलणे थांबवू नये. पाकिटांवर या पानांना सर्व रोगांवरचा उपाय ठरवलेले असते, त्यावर विसंबू नये. टॅनिन काही जिवाणूंची व बुरशीची वाढ रोखते, एवढे खरे. पण पंख झडू लागलेल्या माशाला आधी स्वच्छ पाणी लागते.

प्रश्न : माझ्या टँकमध्ये मॉली आणि गप्पी आहेत, पाणी बोअरचे आहे. पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) उतरावा म्हणून पाच-सहा पाने घातली, तरी तो ढिम्म हलला नाही. उलट पानांवर पांढरा बुळबुळीत थर आला आहे. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पांढऱ्या थराची काळजी नको. तो जिवाणू व सूक्ष्म बुरशीचा थर असून गोगलगायी आणि कोळंबी तो आवडीने खातात. आपल्याकडे त्या नसल्यास पान बाहेर काढून चोळून धुवावे. पाण्याला कुजका वास येत असेल, तर मात्र सर्व पाने काढून एक तृतीयांश पाणी लगेच बदलावे.

पीएच न उतरण्याचे कारण पाण्यात आहे. बोअरच्या पाण्यात बहुधा बायकार्बोनेट भरपूर असतात आणि पानांतून उतरणारे सौम्य आम्ल ते तिथल्या तिथे उदासीन करतात. आणखी पाने घातल्याने रंग गडद होईल, पीएच जवळपास तोच राहील. शिवाय मॉली व गप्पी या माशांना असे क्षारयुक्त पाणीच मानवते, तेव्हा पीएच उतरवण्याचा खटाटोप येथे करूच नये. मऊ, आम्लधर्मी पाणी फायटरला आणि दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रोसारख्या नद्यांतील टेट्रा या लहान माशांना हवे असते. तसे मासे पाळायचे असतील तर बोअरच्या पाण्यात आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे, कार्बोनेटचे प्रमाण थेंबांच्या चाचणीसंचाने मोजावे आणि नंतरच पानांचा विचार करावा. सध्या आलेला रंग नको असल्यास फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी. काही दिवसांत पाणी निवळेल.