शिवण नंतर, आधी व्हॉल्व्ह बघा

खानापूरच्या दादांचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची माझी गच्ची आठवली. त्यांनी लिहिलंय की नवीन फुगवायचा पॅडलबोर्ड (पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी) संध्याकाळी १५ पीएसआय दाबावर भरून ठेवला, सकाळी बघतात तर ९. कुठं भोक दिसत नाही, शिवण सुटली असावी असं वाटतंय, तर पंक्चरवाल्याकडे नेऊ का?

दादा, नेऊ नका. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, एवढं ऐका.

बोर्ड कसा उलगडायचा, पंप कसा लावायचा हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला जमलंय. आधी एक हिशोब सांगतो. पंप मारताना हवा तापते, आणि आपल्याकडे रात्री गारवा उतरतो. ३२ अंशाला १५ भरलेला बोर्ड पहाटे १८ अंशाला साधारण पावणेचौदावर येतो. ती गळती नव्हे. शिवाय परत काटा बघायला पंप जोडलात की थोडी हवा नळीत जाते. हातपंपाचा काटा नुसती नळी लावून खरा आकडा दाखवत नाही, एक-दोन दाब मारल्यावर व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जिथं थांबतो तो आकडा धरायचा. हे सगळं सोडलं तरी १५ चे ९ होत नाहीत. तुमची हवा जाते आहे, हे खरं.

माझीही अशीच जात होती. मी कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला मेल टाकला, हवा कशी जाते ते सविस्तर लिहिलं. उत्तर काय, तर बिल पाठवा. पाठवलं. मग बोर्डाचा नंबर पाठवा, मग व्हिडिओ पाठवा. अकरा दिवसांनी सांगितलं, बोर्ड स्वखर्चानं आमच्याकडे पाठवा, तुमच्या पिनकोडवरून आम्ही माल उचलत नाही. आणि कुरिअरवाले वजन आकारमानावर धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. ९० बाय ४० बाय ३० ची पिशवी म्हणजे साडेएकवीस किलो, आत माल दहा किलोचा असला तरी. (कधी पाठवायची वेळ आलीच तर सगळी हवा काढून, घट्ट गुंडाळून, पट्टे आवळून मगच मापाला द्या.) इतक्या मेलांमध्ये त्या केंद्रातल्या एकाही माणसानं "व्हॉल्व्ह आवळून बघितला का?" हा एक प्रश्न विचारला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो प्रश्न विचारला असता तर माझा बोर्ड आज घरात असता.

मग मी स्वतःच शोध घेतला आणि तिथं चुकलो. बादलीत भांड्यांचं लिक्विड घालून खळाखळा ढवळलं, फेस केला आणि तो फेस बोर्डभर फासला. मागच्या टोकाला शिवणीपाशी बुडबुडे दिसले. झालं, मी ठरवलं की गळती सापडली. ते बुडबुडे माझ्याच फेसाचे होते. फेसाचा बुडबुडा बसतो आणि विरतो. गळतीचा बुडबुडा एकाच जागी मोठा होत जातो, फुटतो आणि परत तिथंच उगवतो. म्हणून लिक्विड पाण्यात हळू मिसळा, फेस होऊ देऊ नका, ब्रशनं लावा आणि प्रत्येक जागेवर मिनिटभर नजर ठेवा.

बोर्ड घेऊन ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काय होत न्हाई, ठेव इथं." त्यानं कानशीनं जागा घासली, ट्यूबचं सोल्युशन लावलं. ते धरेना. ते रबरासाठी असतं, आपला बोर्ड पीव्हीसीचा. तेव्हा मीच म्हटलं, गरम पॅच मार. त्याचा काही दोष नाही, त्यानं असली वस्तू आयुष्यात पाहिली नव्हती. गरम प्रेसखाली वरचा थर वितळला. या बोर्डाच्या आत वरच्या आणि खालच्या कापडाला बांधणारे हजारो धागे असतात, म्हणून तर तो गादीसारखा न फुगता फळीसारखा सपाट राहतो. त्या जागचे धागे गेले. घरी येऊन १० पीएसआयपर्यंत भरला तर तिथं भाकरीएवढा फुगवटा आला. तो फुगवटा दुरुस्त होत नाही. केंद्रानं गरम पॅचचा फोटो बघून वॉरंटी नाकारली. बत्तीस हजार रुपये गेले.

टाकून द्यायच्या आधी सहज व्हॉल्व्हभोवती साबणपाणी लावलं. गोलाच्या कडेनं एकामागून एक बुडबुडे. बोर्ड रिकामा करून व्हॉल्व्ह आवळायची चावी लावली तर व्हॉल्व्ह अर्धा फेरा फिरला, एवढा सैल होता. ती चावी पहिल्या दिवसापासून बोर्डाबरोबर आलेल्या दुरुस्तीच्या डबीत पडून होती.

तर तुम्ही असं करा. बोर्ड भरून टोपण काढा आणि व्हॉल्व्हवर साबणपाणी ओता. बुडबुडे मधल्या खिट्टीपाशी आले तर आत वाळू किंवा केस अडकलाय. खिट्टी दोन-चारदा दाबून हवा फुस्सकन जाऊ द्या, कचरा तिच्याबरोबर निघतो. बुडबुडे कडेनं आले तर व्हॉल्व्ह सैल आहे. हवा पूर्ण काढा, खालचा भाग कापडावरून एका हातानं घट्ट धरा आणि चावीनं घड्याळाच्या दिशेनं आवळा. पक्का बसला की थांबा, जोर लावून आटे घालवू नका. दोन्हीकडे काही नसेल तरच शिवणीकडे वळा. शिवण खरंच सुटली असेल तर घरी हात लावू नका, कंपनीशी भांडा. मधेच कुठं भोक असेल तर गोल कापलेला पॅच, पीव्हीसीच्या गोंदाचे दोन पातळ हात आणि वर वजन ठेवून चोवीस तास. मी काही कारागीर नाही, दोन बोर्ड वापरलेला माणूस आहे. तुमच्या बोर्डाच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा.

गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर भरायचा मोह टाळा, तो गाडीच्या टायरसाठी आहे. पुसायला पेट्रोल किंवा रॉकेल नको, त्यानं पीव्हीसी आणि गोंद दोन्ही खराब होतात. भरलेला बोर्ड एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका. बेळगावच्या उंचीवर २० अंशाला १५ भरलेला बोर्ड तापून आतली हवा ६० अंशावर गेली तर १९ च्या आसपास पोचतो. पाण्यातून काढला की सावलीत न्या आणि थोडी हवा सोडा. गोव्यात भरून गाडीच्या टपावरून चोर्ला घाटानं वर आणलात तरी नुसत्या उंचीनं एक-सव्वा पीएसआय वाढतो. खाऱ्या पाण्यातून आणलेला गोड्या पाण्यानं धुवा. आणि खानापूरचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मे संपायच्या आत खडखडीत वाळवून, सैल गुंडाळून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. आमच्या माळ्यावर उंदरांनी पिशवीचा पट्टा कुरतडला होता, बोर्ड थोडक्यात वाचला.

कुठं उतरायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. राकसकोपच्या तलावात नको, ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे. गणेशगुडीला काळी नदीत सुपा धरणातून पाणी सोडलं की प्रवाह बदलतो, तिथं माहीतगार माणसाशिवाय नाही. आणि वाहत्या पाण्यात बोर्ड आपल्याला जोडणारी, घोट्याला बांधायची दोरी वापरू नका, फांदीत अडकली तर वाकून सोडवता येत नाही. कमरेची, एका झटक्यात सुटणारी घ्या. लाइफ जॅकेट तलावातही घालायचं, यावर मी वाद घालणार नाही.

आज संध्याकाळी साबणपाणी लावा आणि बुडबुडे मधे आले की कडेनं, तेवढं लिहा. तोवर बोर्ड पाण्यात नेऊ नका. डबीत चावी नसेल तर व्हॉल्व्हच्या आतल्या खाचा मोजून सांगा. माझ्या चावीला जुळल्या तर रविवारी खानापूरला येतोच आहे, घेऊन येतो.