जुन्या चिमणीचा आतला गिलावा निखळला असेल, तर लाकडाच्या स्टोव्हसाठी नवे अस्तर घालावेच लागते का?

होय, आणि ते काम पुरे होईपर्यंत आपण स्टोव्ह मुळीच पेटवू नये. इंग्लंडमधल्या आपल्या शंभर वर्षांहून जुन्या घरात स्टोव्ह पेटवला की वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीत धुराचा वास येतो आणि चिमणीलगतच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटले आहेत, असे आपण लिहिले आहे. ज्या फटींतून धूर झिरपतो त्यांतूनच कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, आणि त्याला तर वासही नसतो.

तिकडच्या जुन्या चिमण्यांना आतून चुन्याचा गिलावा केलेला असे. अनेकदा त्यात गाईचे शेणही कालवलेले असे. लाकडाच्या धुरातली आम्लयुक्त वाफ आणि डांबर थंड विटांवर साचत गेल्याने तो गिलावा भुसभुशीत होऊन गळतो. खालून हात पोहोचेल तेवढीच डागडुजी करून घेणे मला धोक्याचे वाटते, कारण वरच्या थंड भागातली पडझड तशीच राहते.

आमच्या घरी आम्ही दुहेरी पत्र्याचा, लवचिक, स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे अस्तराची नळी, घातला आणि आपल्यालाही तोच सुचवतो. तो ३१६ आणि ९०४ या पोलादाच्या दोन प्रतींत मिळतो. ९०४ महाग असला तरी गंजापुढे ३१६ पेक्षा अधिक टिकतो, म्हणून रोजच्या वापरासाठी तोच घ्यावा. गॅससाठीचा एकेरी लायनर इथे चालत नाही. व्यास बहुधा १५० मिमी लागतो. धूरनियंत्रित क्षेत्रासाठी (जिथे धूर सोडण्यावर कायद्याने बंधने आहेत) मान्य असलेल्या काही स्टोव्हना १२५ मिमी पुरतो, मात्र स्टोव्हच्या धूर बाहेर सोडणाऱ्या तोंडापेक्षा तो कधीही लहान नसावा. लायनर आणि विटा यांमधल्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट (उष्णता रोखणारे हलके खनिज दाणे) भरून घेण्यात काटकसर करू नका: नळी उबदार राहिली तरच धूर वेगाने वर चढतो आणि डांबर कमी साचते. चिमणी फारच वेडीवाकडी असेल, तर आत हलके काँक्रीट ओतून अस्तर करतात. पण ते पुन्हा काढता येत नाही.

काम ‘हेटास’कडे (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी तिकडची संस्था) नोंदणी असलेल्या कारागिराकडून करून घेतल्यास काम नियमांनुसार झाल्याचे प्रमाणपत्र तो स्वतःच देऊ शकतो, एरवी स्थानिक परिषदेच्या इमारत नियंत्रण विभागाला आधी कळवावे लागते. स्टोव्ह नव्याने बसवताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचाच आहे. लायनर बसल्यावर चिमणी साफ करणाऱ्याला तसे आवर्जून सांगावे, कारण त्यात तारेचा ब्रश न घालता प्लास्टिकच्या केसांचाच घालावा लागतो.