डिशसमोर माड आणि फणस आहेत, फांद्या उतरवू का?

तुम्ही विचारलंय: पुढच्या अंगणात दोन माड आणि एक फणस, डिश बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) भिंतीवर, वारा सुटला की चित्र अडकतं, आणि डिश बसवणारा म्हणतो फणसाच्या फांद्या उतरवा. उतरवाव्यात का?

नाही. निदान त्याच्या सांगण्यावरून तरी नाही. याच सल्ल्यापायी आमच्या दारातला मानकुराद आंबा अर्धा झाला, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

साल 2011, वर्ल्ड कपचे दिवस. आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ, वडिलोपार्जित, चिऱ्याचं. दादाने फेब्रुवारीत डिश बसवून घेतली. पहिले काही दिवस सगळं झकास. मग दुपारनंतर वारा सुटला की चित्राचे चौकोन व्हायला लागले. बाईकवरून एक पोरगा आला, पुढच्या अंगणात उभा राहिला, डिशकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं, बोट दाखवलं: "हें झाड आड येता." मोजमाप नाही, यंत्र नाही, बोट. मी सरकारी नोकरीत आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मी म्हटलं, थांब, मी टेप आणतो. दादा म्हणाला, "तुका कितें कळटा? तो रोज हेंच काम करता." दुसऱ्या दिवशी घराच्या बाजूची मोठी फांदी खाली. मार्च महिना, फांदी कैऱ्यांनी लगडलेली. आईने न बोलता सगळ्या गोळा केल्या आणि बरणीत चेपणीला, म्हणजे मिठात मुरवायला, घातल्या. मानकुरादची कोणी चेपणी घालतं का? आम्ही घातली. पाकिस्तानबरोबरची सेमीफायनल 30 मार्चला होती. त्या दिवशीही वारा सुटला आणि चित्र अडकलंच.

आता हिशोब ऐका. आंब्याचा शेंडा डिशपेक्षा 8 मीटर उंच, अंतर 15 मीटर. म्हणजे डिशपासून शेंड्याचा कोन 28 अंश. गोव्यातून डिशचे उपग्रह केवढे वर असतात? दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, तो फोंड्यातून क्षितिजापासून 61 अंशांवर येतो, दिशा आग्नेयेच्या जराशी पूर्वेकडे. टाटा प्लेचे 83 अंश पूर्वेला, ते 69 अंशांवर, बरेचसे दक्षिणेकडे झुकलेले. एअरटेलचा 108.2 वर, तो सर्वांत खाली, तरी 47 अंश. कुठलीही कंपनी घ्या, 28 अंशांवरचा आंबा कोणाच्या वाटेत येतो?

मग त्या पोराला तसं का वाटलं? कारण घरगुती डिश जिकडे तोंड करून बसलेली दिसते तिकडे ती बघतच नाही. ती पूर्ण वाटी नसते, मोठ्या वाटीचा एका बाजूचा काप असतो. म्हणून एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसतो, खालून निघालेल्या दांड्यावर असतो, आणि डिशची खरी नजर दिसते त्याहून 22 ते 25 अंश वर जाते. फ्री डिशची डिश आंब्याच्या शेंड्यावरून डोंगराकडे बघतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती त्याच्या बरंच वरचं आभाळ बघत असते. दहा-दहा वर्षं डिश बसवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा दोष सापडला तो जूनमध्ये. पाऊस लागला, चित्र अडकणं वाढलं. मी शिडी लावून वर गेलो आणि डिशचा खांब धरला, तर तो हलणाऱ्या दातासारखा हातात डुलला. चिरा मऊ दगड. त्यात भोक पाडून नेहमीचा फुगणारा बोल्ट ठोकला की पहिले काही दिवस घट्ट, मग वाऱ्याने भोक झिजतं. एक बोल्ट मी बोटांनी फिरवून बाहेर काढला, त्याच्याबरोबर चिमूटभर लाल माती आली. उपग्रह 36,000 किलोमीटर वर आहे. इथे डिश एक अंश हलली की तिकडे नेम सहाशे किलोमीटरनी चुकतो. भिंतीतून आरपार बोल्ट घेतले, आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावली, खांब ओळंब्यात उभा केला आणि डिश परत जुळवली. त्यानंतर वाऱ्याने चित्र एकदाही अडकलेलं नाही.

दादा म्हणाला, फांदी कापली म्हणून!

याचं उत्तर मला पुढच्या मार्चमध्ये सूर्याने दिलं. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस काही दिवस सूर्य रोज ठरावीक वेळी नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि आठ-दहा मिनिटं सिग्नल खराब होतो. यात कोणाचा दोष नाही. पण त्या मिनिटांत सूर्य असतो तिथेच उपग्रह असतो, म्हणजे डिशवर त्या वेळी ज्याची सावली पडेल तेच आड येतंय. चित्र गोठलं तसा मी दादाला हाताला धरून अंगणात नेलं. डिशवर लख्ख ऊन. आंब्याची सावली बुंध्याच्या आसपासच पडलेली, भिंतीपर्यंत अर्धी वाटही आली नव्हती. आणि शेंडा होता तेवढाच होता, कापली ती खालची फांदी. दादाने सावलीकडे पाहिलं, म्हणाला ऊन फार आहे, आणि आत गेला.

तर तुम्ही हे करा. मार्चची वाट बघायची गरज नाही. फणसाचा शेंडा डिशपेक्षा किती मीटर वर आहे ते काढा. फ्री डिश असेल तर त्या आकड्याला 1.8 ने भागा, टाटा प्ले असेल तर 2.6 ने, एअरटेल असेल तर भागूच नका. येईल तेवढ्या मीटरपलीकडे झाड असेल तर ते निर्दोष. अंतर फांदीच्या टोकापासून धरा, बुंध्यापासून नको, फणस पसरतो. दिशेसाठी मोबाइलचा कंपास चालेल, पण लोखंडी ग्रिलपाशी उभं राहून बघू नका, तो वाटेल ते सांगतो. डिश जुळवताना टीव्हीवर स्ट्रेंग्थची पट्टी बघू नका, क्वालिटीची बघा. केसभर हलवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग परत.

आणि झाड खरंच आड येत असेल तर डिश हलवा. दोन-तीन मीटर बाजूला सरकवली तरी बहुतेक वेळा आभाळ मोकळं मिळतं. केबल तीसेक मीटरपर्यंत बिनधास्त ओढा. झाडापासून लांब, अंगणात खांब रोवला तरी चालतं, उंची मिळवायची काही शर्यत नसते. कौलांवर मात्र नको: कौलं फुटतात आणि वानर डिशला झोपाळा समजतात. माडाच्या खाली तर मुळीच नको. एक सुकं चुडत (झावळी) पडलं की डिशला बाक आलाच.

आता हे आधी सांगायला हवं होतं: वरचे कोन फोंड्याचे आहेत, गोव्यात कुठेही अर्ध्या-एक अंशाचाच फरक पडेल. झाडं सगळीच निष्पाप असतात असंही नाही. वाटेत खरंच पानं असतील तर ओली पानं हा सिग्नल गिळतात, आणि डिशच्या अगदी जवळचा कोवळा माड आज आड येत नसला तरी पाच वर्षांनी येईल. आषाढातल्या मुसळधार पावसात सिग्नल जाणारच, त्याला झाड कापून उपाय नाही. आणि मूळ झाडच तोडायची वेळ आली तर 1984च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, बाईकवरचा पोरगा ती देत नाही.

तुमचं चित्र वाऱ्यानेच अडकतं, पावसाने नाही, असं तुम्ही लिहिलंय. फोटोत डिशमागची भिंत चिऱ्याची दिसते. शिडी लावा आणि खांब हाताने हलवून बघा.