आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या लेखी गप्पांच्या जाळ्यावर, पहिल्यांदा येताय?

क्लायंट (आयआरसी वापरायचं ॲप) कुठला, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) कसा लावायचा या भानगडीत आत्ता पडू नका. ब्राउझरमधूनच लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर या, टोपणनाव घ्या आणि निकसर्व्ह या तिथल्या नावनोंदणीच्या सेवेकडे नोंदवून टाका. काही चॅनलमध्ये (विषयवार गप्पांच्या खोल्यांमध्ये) नोंदणीशिवाय बोलताच येत नाही.

नवख्यांची गाडी अडते ती प्रश्न विचारताना. ‘कुणी आहे का?’, ‘एक विचारू का?’ एवढंच लिहून थांबू नका. थेट लिहा: ‘उबुंटू २४.०४, पायथन ३.१२, पिप चालवल्यावर ही एरर येते.’ लांबलचक एरर चॅनलमध्ये ओतू नका. पेस्टबिनवर (मजकूर टाकला की लिंक देणाऱ्या साइटवर) टाकून लिंक द्या.

मग थांबा, तासभर तरी. जाणकार माणूस युरोपात झोपलेला असेल. तुम्ही बाहेर पडलात तर नंतर आलेलं उत्तर तुम्हाला दिसणारच नाही. विचारल्याशिवाय कुणाला खासगी मेसेज मात्र करू नका. बिनधास्त या, लोक मनापासून मदत करतात.